शिलेदाराचा घोडा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणामालाचे एक दुकान आहे. दुकानदार हिशेब संगणकावर ठेवतो; पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लाल कापडी बांधणीची नवी चोपडी आणून तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढल्यावाचून त्याला चैन पडत नाही. गेल्या वर्षी ती पूजा पाहून आलेल्या माझ्या आईने मला विचारले, "तुझी रे चोपडी कुठंय? तीही ठेव की पाटावर."

माझ्याकडे चोपडी आहे. निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही. तिच्यात तीन रकाने: केलेले काम, पाठविलेले बिल, आलेले पैसे. पहिले दोन रकाने बरे भरलेले असतात. तिसरा मात्र चैत्रातल्या नदीसारखा; येथे एक डबके, तेथे एक डबके. वही पाटावर ठेवली. आईने तिला हळदकुंकू वाहिले. तिसऱ्या रकान्याविषयी मी तिला काही सांगितले नाही.

मी मुद्रितशोधक आहे, जमेल तेव्हा भाषांतरेही करतो. नोकरी कोणाचीच नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर वाचण्याची गोडी महाराष्ट्राला लावली. त्या अंकाची मुद्रिते कोणी तपासली असतील, असे मला पुष्कळदा मनात येते. मुद्रितशोधकाची आठवण जग काढते ती चूक राहिली तरच! आषाढापासून आश्विनापर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. आणि अंक तुमच्या हाती पडला, घरात चकलीचा वास दरवळू लागला, की आमची सुगी संपते. मग दूरध्वनी वाजत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मन हिशेब मांडू लागते. काम नसले की ते नाही म्हणून काळजी, असले की हे संपल्यावर पुढे काय म्हणून काळजी. वडील टपाल खात्यात होते. बदलीची धास्ती, वरिष्ठांची मर्जी, हे त्यांनाही चुकले नव्हते. पण पगाराची तारीख त्यांना कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

शाळेत आपण सर्वांनी बारगीर आणि शिलेदार यांतला फरक पाठ केलेला असतो. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. माझे वडील बारगीर, मी शिलेदार. आमच्यासारख्यांना इंग्रजीत 'फ्रीलान्सर' म्हणतात. वॉल्टर स्कॉटच्या १८१९च्या अखेरीस निघालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत तो शब्द मोल घेऊन लढणाऱ्या स्वारांसाठी आला आहे. त्या शब्दात भाला आहे. आणि आपला 'शिलेदार'ही फारसीतल्या हत्याराच्या शब्दावरूनच आलेला. घोडा दोन्हींत नाही. आणि खरी गोष्ट तर घोड्याचीच आहे.

शिलेदारांविरुद्ध इतिहासकारांची एक तक्रार असते: रणात ते घोडा जपतात. सरकारी घोडा पडला तर सरकारचा पडला. शिलेदाराचा पडला म्हणजे त्याच्या घरची चूल विझली. मग ऐन गर्दीत लगाम थोडा मागे ओढला जातो. ही तक्रार मला अनेक वर्षे अन्यायाची वाटत आली. घोडा जपणारा माणूस आपली मुलेबाळेच जपत नसतो काय? चिंता म्हणजे भित्रेपणा नव्हे, ती जबाबदारीची सावली आहे, असे मी मित्रांना मोठ्या ऐटीत सांगत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात मला एका प्रकाशकांचा फोन आला. माझे निम्मेअधिक काम तेव्हा त्यांच्याकडून येई. "तुमच्याकडे शिकलेली ती मुलगी कशी आहे हो? चार खंडांचं काम आहे. तिला द्यावं म्हणतो."

ती मुलगी कशी आहे, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मुद्रितावरच्या खुणा तिला मी शिकविल्या. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. तीन वर्षांत तिचे काम एकदाच, एकच दिवस उशिरा आले, तेही तिच्या भागातली वीज गेली म्हणून. हे सगळे मला त्या क्षणी आठवले. त्याबरोबरच निळ्या वहीचे कोरे पानही आठवले. मी म्हणालो, "हुशार आहे. फक्त वेळेचं जरा पाहावं लागतं."

वाक्यात धडधडीत खोटे असे काही नव्हते. एका शब्दाने वाक्य कसे वाकते, हे आम्हाला पोटापाण्यासाठी शिकावे लागते. येथे तो शब्द 'फक्त' होता. प्रकाशक "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मला गाढ झोप लागली.

चिंतेवर आज पुष्कळ उपाय सांगितले जातात. सकाळी फिरावे, श्वास मोजावा, रात्री फोन दूर ठेवावा, फारच झाले तर डॉक्टरांकडे जावे. यांतले बहुतेक मी केले आहेत आणि त्यांचा गुण आला आहे. त्यांची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण हे सारे उपाय चिंता माझे काय करते याचे. तिच्या वतीने मी दुसऱ्याचे काय करतो, हे कोणी विचारत नाही. आपण चिंतेविषयी बोलतो ते अंगावर आलेल्या पावसाविषयी बोलावे तसे. भिजणाऱ्याचा काय दोष! त्या फोनपर्यंत मीही भिजणाराच होतो. पण त्या चार शब्दांत मी माझी छत्री शेजारणीच्या हातातून ओढून घेतली होती.

एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ जन्माने गुलाम. आपल्या हातातले काय आणि हाताबाहेरचे काय, याची त्याने वाटणी करून ठेवली आहे. धन, कीर्ती, अधिकार हे हाताबाहेरचे. आपला निर्णय तेवढा आपला. पूर्वी मी ते वाचून स्वतःचे सांत्वन करीत असे: काम येणे न येणे आपल्या हाती कुठे आहे? आता तीच वाटणी मला थकलेल्या बिलासारखी दिसू लागली. प्रकाशकांना काय सांगायचे, हे तर पुरतेपणी माझ्या हातातले होते. (गीतेचा आधार मी घेत नाही. फळाची आशा धरू नये, हे मला आजवर सर्वांत कळकळीने बिले थकविणाऱ्यांनीच ऐकविले आहे.)

तिसऱ्या दिवशी मी प्रकाशकांना फोन केला. "ते वेळेचं मी म्हणालो, ते तसं नाही. ती अगदी वेळेवर काम देते." ते हसले. "अहो, ते काम कालच दुसऱ्या एकांना दिलं." ते दुसरे एक कोण, मला आजही माहीत नाही. काम तिला नाही, मलाही नाही.

त्यानंतर मी काही व्यवस्था लावली. चार महिन्यांच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकू लागलो; त्याला मी वैरण म्हणतो. ती जमायला दीड वर्ष लागले, कारण मोठ्या बिलातून दहा टक्के कर आधीच कापून येतो आणि उरलेल्याला वाटा फुटायला वेळ लागत नाही. नव्या माणसाकडून निम्मे पैसे आधी मागतो. पहिल्यांदा मागताना घशाला कोरड पडली होती. महिन्यातून एकदा आम्ही सहाजण कोणाच्या तरी घरी जमतो आणि कोण काय दर घेतो, कोणी पैसे बुडविले, हे उघडपणे सांगतो. 'एकांडा शिलेदार' हे शब्द आपण कौतुकाने वापरतो खरे. पण एकट्याच्या घोड्याला रात्री चारा कोण घालणार? पहाटे तीनची जाग अजून येते. ती आली की मी उठून पाणी पितो आणि उद्या कोणाचा फोन आला तर काय बोलायचे नाही, तेवढे मनाशी ठरवितो.

तिला मात्र हे सांगितले नव्हते. सांगून माझे ओझे उतरेल, तिच्या डोक्यावर चढेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. दर दिवाळीला ती आईसाठी अनारसे घेऊन येई आणि ऱ्हस्वदीर्घाची एखादी शंका विचारून जाई.

यंदा या अंकाची मुद्रिते तीच तपासते आहे, असे संपादकांकडून कळले. छापखान्याच्या कागदावर तिला हे अवचित भेटू नये, म्हणून परवा मी तिच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले, तो शब्दसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा निवला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "लेख वेळेवर पाठवा, सर."