मॅन्युअलात लिहिलंय!

वीस वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाजवळ एक ब्रह्मास्त्र असतं: 'नियमात लिहिलंय!' एवढं म्हटलं की आपली जबाबदारी संपली. समोरच्याला ते सापडतं की नाही, हा त्याच्या प्रारब्धाचा भाग. माझी ही श्रद्धा परवा डळमळली, आणि तीही सख्ख्या भाच्यामुळे.

हा भाचा पुण्याला असतो. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं त्याची आई सांगते. जणू आतच बसलाय! सॉफ्टवेअरबरोबर हजार-हजार पानांची मॅन्युअलं येतात, त्यांतलं हवं ते शोधून देणारी साधनं तो बनवतो.

"त्यात बनवायचं काय? पहिल्या पानापासून वाचत सुटायचं!" मी म्हणालो.

"तसंही असतं, मामा. ग्रेप म्हणतात त्याला. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसननं लिहिलं. १९७३ सालच्या युनिक्सच्या मॅन्युअलात आहे. दरवेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघत जातं."

म्हणजे आमच्या रेकॉर्ड-रूममधला शिपाईच! फरक इतकाच, की ग्रेप मध्येच चहाला जात नाही.

"पण पानं फार असली की आम्ही आधीच सूची करतो. कुठला शब्द कुठल्या कुठल्या पानावर आहे, त्याची."

मी खुर्चीतून उठलोच. अरे, ही तर खतावणी! पानं म्हणजे रोजकीर्द. प्रत्येक शब्दाचं खातं उघडायचं आणि त्यात पानांचे आकडे ओढायचे. माझी बी. कॉम. ही पदवी घरात कुणाला तरी समजावून घ्यायला उपयोगी पडली, ती प्रथमच.

पुढं मात्र भानगडी आहेत. शब्दांची शेपटं छाटून मूळ काढावं लागतं. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टरनं १९८० साली त्याचे नियम छापले. मराठीत 'खात्यावर', 'खात्यातून' छाटून 'खाते'पर्यंत पोचावं, तर ते नाम की क्रियापद? काही खात्यांत दोन्ही एकच असतं, हे यंत्राला कोण सांगणार!

शिवाय वरचेवर येणारे बारके शब्द गाळायची जुनी पद्धत. त्या याद्यांत 'द' आणि 'ऑफ'च्या जोडीला 'नॉट'सुद्धा असे. म्हणजे 'फाइल पुसा' आणि 'फाइल पुसू नका' यंत्राच्या लेखी सारखंच. नकार गाळून ऐकण्याची ही कला मी आजवर फक्त कर्ज मागणाऱ्यांत पाहिली होती.

"पण खरी गंमत शेवटच्या यादीत असते," भाचा म्हणाला. "ज्यांना काहीच सापडलं नाही, त्यांनी कोणते शब्द टाकले होते, ते मी रोज वाचतो. लोक टाकतात 'आत शिरता येत नाही'. मॅन्युअलात असतं 'ऑथेंटिकेशन फेल्युअर'. ज्याला तो शब्द ठाऊक, त्याला मॅन्युअल लागतंच कशाला?"

"मग चूक शोधणाऱ्याची!"

"नाही मामा. त्याचा शब्द आमच्या यादीत नव्हता, ही आमची चूक. मी तो घालतो."

मी गप्प झालो. मला मागचा नोव्हेंबर आठवला. एक आजी काउंटरवर आल्या होत्या. "मी जिवंत आहे असा कागद कुठं द्यायचा?"

"असा कागद नसतो, आजी. बाहेर फळ्यावर सगळं लिहिलंय."

फळ्यावर 'लाइफ सर्टिफिकेट' लिहिलं होतं. आजी बराच वेळ फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि गेल्या. जानेवारीत परत आल्या, तेव्हा पेन्शन थांबली होती. मी ब्रह्मास्त्र सोडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लिहिलं असेल हो. मला वाचता आलं, पण ओळखू आलं नाही."

दाखला घेतला, थकलेली पेन्शन जमा झाली. पुस्तकी हिशेब मिटला. पण लिहिणं म्हणजेच सांगणं का, या प्रश्नाचा ताळेबंद काही जुळेना. आपण लिहिलं ही झाली एक बाजू. समोरच्याला सापडलं, ही दुसरी. ती कोरी असताना खालची बेरीज मारून घरी जायचं, याला आमच्या धंद्यात अफरातफर म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याखाली एक चिठ्ठी डकवली : 'जिवंत असल्याचा कागद : काउंटर नं. ३.'

मॅनेजरसाहेब चष्मा पुसत आले. "हे कुठल्या सर्क्युलरमध्ये बसतं?"

"लिहिलं असेल कुठंतरी," मी म्हणालो. "शोधा की, साहेब!"