बत्तीसची बेरीज

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी 108 सेकंदांची सवय घेऊन येतो. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. चारांतला एक पर्याय निवडायचा. चुकला तरी गुण कापले जात नाहीत, आणि बरोबर आला तर कसा आला हे कोणी विचारत नाही. पुढे काही महिन्यांतच त्याच्या हाती विद्यापीठाची प्रश्नपत्रिका पडते. मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या ‘सी स्कीम’मध्ये ती 80 गुणांची आणि तीन तासांची होती. आठ गुणांच्या एका गणिताला हिशेबाने 18 मिनिटे मिळत, आणि गुण शेवटच्या आकड्यापेक्षा त्याआधीच्या पायऱ्यांना. दोन वर्षे पायऱ्या गाळण्याचा सराव केलेल्या मुलाला पायऱ्या मांडायला सांगितले जाते. प्रथम वर्षाच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या सांध्यात आहे.

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेने हा सांधा जुळवायला हवा, कारण तिथे लेखी उत्तरे असतात. पण प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बोर्डात खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि गणित मिळून 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के झाले की पात्रतेचे काम भागते. मग ‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय निघाली. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, क्लासमध्ये मुक्काम. प्रॅक्टिकलची जर्नले वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा पूर्ण होतात. स्वतःच्या अक्षरात दोन पाने भरून एखादी सिद्धता लिहिण्याचा प्रसंग अनेकांवर दहावीनंतर थेट अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रातच येतो.

त्या सत्रालाही पुरते दिवस नसतात. सीईटी, निकाल, केंद्रीभूत प्रवेशाचे कॅप राउंड, बेटरमेंट, संस्थास्तरावरील रिक्त जागा असे करत पहिल्या वर्षाचे वर्ग वरच्या वर्गांपेक्षा उशिरा भरतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांच्या परिचय कार्यक्रमाची शिफारस केलेली आहे. कल्पना चांगली आहे, पण आधीच आखूड झालेल्या सत्रात ती अभ्यासाच्याच दिवसांवर बेतते. उशिराच्या फेरीत आलेला विद्यार्थी वर्गात बसतो तेव्हा फळ्यावर दुसरे युनिट चालू असते. त्याच्या डोक्यावर 75 टक्के हजेरी, सबमिशन आणि डिफॉल्टर यादी मात्र इतरांइतकीच असते.

शिकवणारे कोण, हा पुढचा प्रश्न. प्रथम वर्षाचा विभाग बहुतेक महाविद्यालयांत वेगळा असतो. गणित, भौतिक, रसायन, संवादकौशल्य शिकवणारे प्राध्यापक विद्यार्थ्याच्या शाखेचे नसतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची गाठही पडत नाही. त्यांतले बरेच कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर असतात. एका तुकडीची मान्यता सामान्यतः 60 जागांची. संगणकाशी नाते सांगणाऱ्या शाखांत तुकड्यांवर तुकड्या वाढत गेल्या. परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीसवर नेले, तेव्हा कागदावर आकडा बदलला आणि वर्गात वह्या तपासणारा हात कमी झाला. ट्युटोरियल नावाचा तास वेळापत्रकात असतो. वीसेक मुलांनी गणिते सोडवायची आणि शिक्षकाने बाकांमधून फिरत चुका पकडायच्या, हा त्याचा मूळ हेतू. तो पुष्कळ ठिकाणी उरलेला पोर्शन संपवण्यात खर्ची पडतो. एवढा एक तास नीट झाला असता तर निम्म्या तक्रारी उद्भवल्याच नसत्या.

तरी शिकवण्याची सगळी तक्रार शिक्षकावर टाकून चालत नाही, कारण संलग्न महाविद्यालयात शिकवणारा एक आणि अंतिम प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा असतो. हे नेहमीच असे नव्हते. पुण्यात 1854 मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, मुंबईत 1887 मध्ये आजच्या व्हीजेटीआयची स्थापना झाली. संस्था मोजक्या होत्या तोवर पेपर काढणारा आणि शिकवणारा यांच्यात फार अंतर नव्हते. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत, पुढे तालुक्यांतही, महाविद्यालये उभी राहिली. एकच पेपर आता अशा वर्गांपुढे जाऊ लागला, ज्यांत काय शिकवले गेले हे पेपर काढणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

अशा वेळी पेपर काढणारा काय करील? मागच्या पेपरांच्या वाटेवर राहील. वेगळा प्रश्न घातला की ‘आउट ऑफ सिलॅबस’ची निवेदने जातात, आणि ती पूर्णपणे खोटीही नसतात. ज्या महाविद्यालयात ते युनिट शेवटच्या आठवड्यात उरकले, तिथल्या मुलाने काय करावे? ओळखीचा पेपर हा त्या मुलाचा एकमेव आधार असतो. म्हणजे प्रश्नपत्रिकेचा ठरीव साचा आळसातून आला असे म्हणता येत नाही. असमान वर्गांना निदान परीक्षेत समान वागवण्याचा तो मार्ग आहे. त्याची किंमत अशी की, पेपर आधीच ओळखता येत असेल तर विषय न शिकताही तो सोडवता येतो.

ही किंमत आकड्यांत मांडता येते. सी स्कीमच्या पेपरात 20 गुणांचे सहा प्रश्न छापलेले असत. पहिला अनिवार्य, उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन. छापलेले गुण 120, सोडवायचे 80, पासिंगला 32. छापलेल्या गुणांच्या मानाने हे सुमारे 27 टक्के होतात. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीलाच सीनियर नव्या मुलाला कोणती युनिट ‘ऑप्शनला टाकायची’ ते सांगतात. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नने ही पळवाट अरुंद केली. पहिल्या दोन युनिटवर 30 गुणांची इन-सेम, उरलेल्या चारांवर 70 गुणांची एंड-सेम, आणि पर्याय एकेका युनिटच्या आत. अख्खे युनिट सोडणे महाग झाले. मग युनिटच्या आतले उपविषय ऑप्शनला जाऊ लागले. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या आराखड्यांत गुणांची वाटणी पुन्हा हलली आहे. बेरीज करणारे सीनियर तिच्याशीही जुळवून घेतील.

पुस्तकांचा बाजारही याच बेरजेवर उभा आहे. वर्तीकरांचे गणिताचे पुस्तक किंवा ग्रेवालांचा जाडजूड ग्रंथ विषय शिकवण्यासाठी लिहिलेला आहे; मुंबईकडे कुंभोजकरांनी विद्यापीठाच्या पेपरांतली गणिते प्रकरणवार लावून दिली आणि पिढ्यांची सोय केली. त्यानंतर ‘लोकल ऑथर’ हा स्वतंत्र वर्गच तयार झाला. टेकमॅक्स, निराली, टेक्निकल या नावांवाचून पुण्यातला प्रथम वर्षाचा अभ्यास होत नाही, आणि ‘डिकोड’ तर परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पुस्तक. या पुस्तकांना नाके मुरडणे सोपे आहे. पण अभ्यासक्रमाच्या ओळीत जे लिहिले आहे तेच, त्याच क्रमाने, परीक्षेत लिहिता येईल अशा इंग्रजीत देणारे दुसरे काही विद्यार्थ्याच्या हाताशी नसते.

ही बेरीज सर्वांत आधी कोलमडते ती इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये. पहिल्या वर्षाचा खरा उंबरठा हाच विषय आहे. बहुतेकांना गणिताची, म्हणजे ‘एम-वन’ची, भीती असते, पण तिथे आंशिक अवकलनावरचे किंवा ऑयलरच्या प्रमेयावरचे गणित ठरावीक वळणाने जाते आणि सरावाने सुटते. मेकॅनिक्सची सूत्रे मात्र एका चिठ्ठीवर मावतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची शून्य, मोमेंटची शून्य. सूत्र शोधायची सवय असलेल्या मुलाची नेमकी इथे फसगत होते. गुळगुळीत भिंतीला टेकवलेल्या शिडीचे गणित घ्यावे. वजन मध्यावर खाली, जमिनीची प्रतिक्रिया वर, भिंतीची प्रतिक्रिया भिंतीपासून बाहेर. आणि शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो, म्हणून जमिनीवरचे घर्षण भिंतीकडे. यातले काहीच प्रश्नात लिहिलेले नसते. फ्री बॉडी डायग्रॅम स्वतः काढायची असते आणि मोमेंट कोणत्या बिंदूभोवती घ्यायचा तेही स्वतः ठरवायचे असते. शिडीच्या पायाभोवती घेतला तर दोन अज्ञात बले आपोआप बाद होतात आणि गणित तीन ओळींत संपते. दुसरीकडे घेतला तर पानभर समीकरणे. उत्तर दोन्हीकडे एकच येते. हा निर्णय घेणे म्हणजेच अभियांत्रिकी, आणि तो फळ्यावर पाहून येत नाही. फळ्यावर शिक्षक बिंदू आधीच निवडून उभा असतो.

ग्राफिक्सची तऱ्हा वेगळी. डोळ्यांपुढे नसलेली वस्तू समोरून आणि वरून कशी दिसेल हे कल्पून काढायचे, एवढाच त्या विषयाचा गाभा. एन. डी. भट्ट यांच्या पुस्तकावर कित्येक पिढ्या ते शिकल्या. कल्पना जमली नाही तर वसतिगृहात ‘जीटी’ असते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. रात्रीत चार शीट होतात, टर्मवर्कचे गुण पडतात, आणि छेद घेतलेला शंकू परीक्षेत पहिल्यांदाच भेटतो.

भाषेची अडचण तक्रारींच्या यादीत फारशी दिसत नाही, कारण ती सांगायची लाज वाटते. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला गणित कळते, भौतिकातली कल्पनाही कळते. ‘एक्स्प्लेन’ने सुरू होणारा प्रश्न आला की लिहायला वाक्य नसते. मग लेसरची रचना किंवा पाण्याचा कठीणपणा पाठ केला जातो, आणि एखादा शब्द विसरला की पुढचे सगळे अडते. ओरलला एक्स्टर्नलसमोर तोच मुलगा गप्प बसतो आणि त्याला काही येत नाही अशी नोंद होते. 2021 पासून मराठीसह काही भारतीय भाषांत पदवीचे अभियांत्रिकी शिक्षण आणि पाठ्यपुस्तके देण्यास परिषदेने सुरुवात केली. प्लेसमेंटच्या मुलाखतीचा विचार करून पालक त्या वाटेला जायला कचरतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. वर्गात मराठीतून समजावणे आणि इंग्रजीत लिहून घेणे ही जुनी, अनौपचारिक तडजोडच अजून सर्वांत जास्त काम करते.

‘सर छान शिकवतात’ आणि ‘सरांचे काही कळत नाही’ या शेऱ्यांचे वजन किती, हेही तपासण्याजोगे आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गांवर लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका पद्धतीत सफाईदार व्याख्यान, दुसरीत विद्यार्थ्यांनीच गटात प्रश्न सोडवणे. चाचणीत दुसऱ्या पद्धतीचे विद्यार्थी पुढे होते. आपण कमी शिकलो असे वाटत होते तेही त्यांनाच. धडपडताना शिकल्यासारखे वाटत नाही. यावरून कंटाळवाणे शिकवणे चांगले ठरत नाही. एवढेच की, यूट्यूबवरच्या ‘वन शॉट’ व्याख्यानात सगळे सोपे वाटणे हा विषय आल्याचा पुरावा नव्हे.

परीक्षेच्या तयारीतही नेमका हाच भ्रम होतो. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची सुट्टी, लागली की सोडवलेली गणिते पुन्हा पुन्हा वाचली जातात. प्रत्येक पायरी ओळखीची वाटते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये असाच प्रयोग उताऱ्यांवर केला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र, पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणारे पुढे गेले. गणितात ओळखणे आणि सोडवणे यांतले अंतर आणखी रुंद असते. जुना पेपर घड्याळ लावून, उत्तर झाकून, कागदावर सोडवणे ही एकच सवय विद्यार्थ्याच्या हातातली आहे. तिला दिवस लागतात. त्यामुळे ती पीएलमध्ये सुरू करून भागत नाही. पहिले युनिट संपले त्याच आठवड्यात ती सुरू व्हावी लागते.

स्वायत्त महाविद्यालयांत शिकवणाराच पेपर काढतो, म्हणून तिथे प्रश्न मोकळे असू शकतात. सांगलीचे वालचंद किंवा मुंबईचे व्हीजेटीआय ही जुनी उदाहरणे. पुण्याचे सीओईपी 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठच झाले. स्वायत्त महाविद्यालयांतल्या तक्रारी निराळ्या: चाचण्यांची रीघ, आणि एकाच शिक्षकाच्या लहरीवर गुण. नव्याने स्वायत्त झालेल्या काही महाविद्यालयांत विद्यापीठाचाच जुना साचा घरी आणून ठेवलेला दिसतो.

निकालानंतर उरते ती केटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जाणे. एखाददुसरा विषय राहिला तरी द्वितीय वर्षात जाता येते, पण प्रथम वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तृतीय वर्षाला प्रवेश नाही. म्हणून एम-टू किंवा मेकॅनिक्स दोन दोन सत्रे मानगुटीवर बसते आणि वर्ष ‘क्रिट’ लागण्याची, म्हणजे वाया जाण्याची, टांगती तलवार राहते. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल महिनोन् महिने लांबले. एरवीही निकाल आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म यांत फारसे दिवस नसतात. शुल्क भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते. पायऱ्यांना गुण कुठे मिळाले आणि कुठे गेले, हे कित्येकांना त्या झेरॉक्सवरच पहिल्यांदा दिसते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतर. त्याचा निकाल यायच्या आत केटीचा फॉर्म भरून ठेवावा लागतो.