मोहाखालचा धूर

साकोली, जि. भंडारा

चि. सूरज,


तुझी बदली बस्तरला झाल्याचं ताईने सांगितलं. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करून मोकळा होतोस, म्हणून लिहितोय.

गस्तीवर समोरचा मारायलाच आलाय हे कशावरून ओळखायचं, एवढंच. कायदा तुला शिकवला असेलच. न्याय संहितेच्या कलम ४० प्रमाणे वार होईपर्यंत थांबावं लागत नाही. रास्त भीती वाटली की बचावाचा हक्क सुरू, ती सरली की तोही सरला. मेख त्या ‘रास्त’मध्ये आहे. दोन रात्रींचं जागरण आणि ओले बूट असले की पहाटे तीनला सगळीच भीती रास्त वाटते.

नोकरीत असताना एकदा मार्चअखेरीस पहाटे जंगलातून चाललो होतो. पुढे धूर, निखारे, आणि वाकलेला एक माणूस, खांद्यावर लांबडं काहीतरी. शेजारच्या जवानाने सेफ्टी उघडली. तो ‘खट्’ अजून कानात आहे. मी आपल्या भागातला, म्हणून उमगलं. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, आणि खांद्यावर कावड होती. मी त्या जवानाचा हात दाबला आणि ओरडलो. माणूस टोपली टाकून पळाला. ‘पळाला म्हणजे त्यांचाच,’ असं त्या जवानाचं म्हणणं. अरे, अंधारात पाच बंदुका बघून तूही पळशील!

बिजापूर जिल्ह्यातल्या एडसमेट्टाला मे २०१३ मध्ये असाच एक हात दाबणारा हवा होता. बीजपंडुमच्या सणासाठी रात्री जमलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला. आठ गावकरी गेले, त्यांत मुलंही. आपला एक जवानही गेला. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाच्या मते जवानांनी बहुधा गडबडून गोळ्या झाडल्या, आणि तो जवानही बहुधा आपल्याच गोळीने गेला.

म्हणून आधी आड घे. झाडामागे गेलास की दोन सेकंद जास्त मिळतात, आणि तेवढ्यात चेहरा नव्हे, हात बघायचे. बंदूक तुझ्या रोखाने वळली तर मात्र माझं पत्र आठवत बसू नकोस. गोंडीत ‘थांब’ कसं म्हणतात ते पहिल्याच आठवड्यात शीक. हिंदीतलं ‘थम’ तिथल्या म्हाताऱ्याला कळेलच असं नाही.

खरा धोका स्फोटानंतर. गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याला १ मे २०१९ रोजी सुरुंगात पंधरा जवान गेले. असं काही झालं की दुसऱ्या दिवशी वाटेवरचा गुराखीसुद्धा वैरी दिसतो. बचाव वेगळा आणि सूड वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मणिपूरमधल्या चकमकींच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. त्या दिवशी कुणी गस्तीवर जास्तच गप्प असेल, तर त्याला पुढे ठेवू नकोस.

रोवणीला सुटी मिळते का बघ. मोठ्या बांधीला माणसं मिळत नाहीत.

तुझा मामा

ता. क. त्या माणसाची टोपली मी मोहाच्या फांदीला अडकवून ठेवली होती. परत त्या वाटेने जाणं झालं नाही.