प्रार्थना कुठे जाते?



आज वेदीजवळ गुलाबी मेणबत्ती पेटली. आगमनकाळाचा तिसरा रविवार हा आनंदाचा रविवार. पण गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका घरी सांत्वनाला गेलो होतो. नवऱ्याच्या आजारपणात त्या माउलीने कितीतरी महिने रोज संध्याकाळी जपमाळ म्हटली होती. तरीही तो गेला. तिने विचारले, "फादर, मग माझी प्रार्थना गेली कुठे?" मी सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. त्यात चूक काही नव्हते, पण ते तिच्यापर्यंत पोचले नाही. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि ती गप्प राहिली.

लूकच्या शुभवर्तमानाच्या आरंभी अशीच एक जुनी प्रार्थना आहे. जखऱ्या आणि अलिशिबा म्हातारे झाले होते, पदरी मूल नव्हते. विनंती ऐकली गेली आहे असे देवदूत सांगतो, तर जखऱ्याचा विश्वासच बसत नाही. तो याजक होता, मंदिरात धूप जाळत होता. उपासना चालू होती, पण देव आपले ऐकेल ही आशा मात्र केव्हाच विझली होती. मुलाचे नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत त्याची वाचा बंद झाली. याजकाला गप्प करून ऐकायला लावणारी ती शिक्षा मला आता कृपाच वाटते.

मग आशा म्हणजे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात तिची चार लक्षणे सांगितली. आपण जिची आशा धरतो ती गोष्ट चांगली असते, पुढे मिळायची असते, मिळायला अवघड असते आणि तरीही शक्य असते. सोप्या गोष्टीसाठी आशा लागत नाही आणि अशक्य वाटले की निराशा येते. ख्रिस्ती आशेत हे 'शक्य' आपल्या बळावर नसते, देवाच्या साहाय्यावर असते. आणि आपण शेवटी ज्याची आशा धरतो तो स्वतः देवच असतो. म्हणून एखादे मागणे पुरे झाले नाही, तरी आशा संपत नाही.

कुणी म्हणेल, हे तर सोयीचे उत्तर झाले. त्याची कसोटी दुःखातच लागते. व्हिएतनामचे फ्रान्सिस झेव्हियर न्गुयेन व्हान थुआन, जे पुढे कार्डिनल झाले, १९७५ पासून १३ वर्षे कैदेत होते. त्यांतली ९ वर्षे ते एकांतकोठडीत होते. सुटकेचे दिवस मोजत बसायचे नाही, आजचा दिवस प्रेमाने भरायचा, असे त्यांनी ठरवले. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेविषयीच्या आपल्या परिपत्रकात प्रार्थनेला आशेची शाळा म्हटले, तेव्हा उदाहरण दिले ते यांचेच. वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

आज ती माउली पुन्हा विचारील, तर आधी मी तिच्याजवळ गप्प बसेन. मग म्हणेन, "बाई, तुमची प्रार्थना वाया गेली नाही. त्या प्रत्येक संध्याकाळी तुम्ही दोघे देवाजवळ होता. तो आजही त्याच्याजवळच आहे, असा आपला विश्वास आहे." दुःख त्याने नाहीसे होणार नाही, हे मी जाणतो. पण त्या दुःखात ती एकटी नाही.

या आठवड्यात दोन गोष्टी करू या. देवाकडे जे मागणे आपण थकून सोडून दिले आहे, ते पुन्हा एकदा त्याच्यापुढे ठेवू या. आणि ज्या घरी यंदा नाताळचा कंदील लागणार नाही, त्या घरी जाऊन थोडा वेळ बसू या. उत्तरे घेऊन जायची गरज नाही.

येणारा प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू