सोडणे आणि स्वीकारणे

आयुष्याच्या वळणावर जो पटकन ठरवतो, त्याला आपण खंबीर म्हणतो. जो वेळ घेतो, तो आपल्याला कच्च्या मनाचा वाटतो. ही समजूत तपासायची असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मांतराकडे पाहावे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. बौद्ध धम्माची दीक्षा त्यांनी नागपुरात घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. या माणसाला कच्च्या मनाचा कोण म्हणेल?

कठीण निर्णयात खरे तर दोन निर्णय असतात. काय सोडायचे हा एक, आणि काय स्वीकारायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अनुभव देतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना मार खावा लागला. १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरात त्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह चालला, तरी दार उघडले नाही. आतून बदल घडवण्याचे मार्ग असे चालून पाहिल्यावरच येवल्याची घोषणा झाली. ती रागाच्या भरात केलेली नव्हती, म्हणून तिच्यावरून माघारही घ्यावी लागली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अनुभवातून आपोआप मिळत नाही. ते शोधावे लागते. घोषणेनंतर वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी बाबासाहेबांना निमंत्रणे दिली. शीख धर्माचा त्यांनी गांभीर्याने विचार केला. १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू लोकांपुढे सविस्तर मांडली आणि शेवटी बुद्धाच्या उपदेशाचा आधार घेऊन सांगितले, की आपल्या बुद्धीला शरण जा. ज्यांच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांना त्यामागची कारणे कळलीच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. पुढे बौद्ध देशांचे प्रवास झाले, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन झाले. नागपूरला लाखो लोक त्यांच्याबरोबर उभे राहिले, त्यामागे ही सगळी तयारी होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एकवीस वर्षे थांबण्याची मुभा किती जणांना असते? स्थळाला होकार द्यायचा की नाही, हे मुलीला आठवड्यात सांगावे लागते. कर्जापायी जमीन विकायची वेळ आलेल्या शेतकऱ्यापुढे सावकार उभा असतो. शिवाय ‘विचार चालू आहे’ असे म्हणत जन्मभर टाळाटाळ करणारेही आपण पाहतोच. हे सारे खरे आहे. पण दोन निर्णय वेगळे करता येतात, हे ओळखण्याचा उपयोग इथेच होतो. जे मान्य नाही त्याला आज नकार देता येतो. पुढचा मार्ग पुरता दिसण्याची त्यासाठी गरज नसते. ‘मग करणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर तयार नाही, एवढ्याच कारणाने असंख्य माणसे नको त्या नात्यात, नको त्या कामात राहतात. नकाराचा हक्क त्या उत्तरावर अवलंबून नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

आणि नकारानंतरचा काळ विचाराचा की टाळाटाळीचा, हे ओळखायला एक कसोटी पुरते: त्या काळात माणूस काय करतो? तो वाचतो, विचारतो, पर्याय जवळून पाहतो, आपल्या माणसांशी बोलतो का? करत असेल, तर त्याचे थांबणे हा निर्णयाचाच भाग आहे. म्हणून वळणावर उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींना ‘लवकर ठरव’ असे बजावण्याऐवजी आपण विचारावे, की यातले काय नको हे तुझे ठरले आहे का. तेवढे ठरले असेल, तर पुढचा शोध घेण्यासाठी त्यांना वेळ मिळवून देणे ही घरातल्या मोठ्यांची जबाबदारी आहे.