बुडत्या जहाजावरील हिशेब

‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ हा १९७२ सालचा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. नववर्षाच्या मध्यरात्री प्रचंड लाट प्रवासी जहाज उलथून टाकते आणि रेव्हरंड स्कॉट मूठभर लोकांना घेऊन वर, म्हणजे जहाजाच्या तळाकडे, चढू लागतो. २००६ साली वोल्फगांग पीटरसन यांनी ‘पोसायडन’ या नावाने हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. लाट अधिक खरी वाटते. रेव्हरंड मात्र कथेतून पार नाहीसा झाला आहे.

बंगळूरमधील आमच्या मंडळीच्या तरुण संघाने हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या शनिवारी पाहिले. नव्या चित्रपटात एक प्रसंग आहे. लिफ्टच्या उभ्या पोकळीत एक वयस्क वास्तुशिल्पी लोंबकळत आहे आणि जहाजावरील एक वाढपी त्याच्या पायाला बिलगला आहे. वरून आज्ञा येते : झटकून टाक त्याला. तो लाथ मारतो. वाढपी कोसळून मरतो. संगणकक्षेत्रात काम करणारा एक तरुण शांतपणे म्हणाला, “यात चुकले काय? नाहीतर दोघेही गेले असते.” कोणी विरोध केला नाही. मलाही त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

हिशेब बिनचूक आहे. परंतु असाच बिनचूक हिशेब योहानाच्या अकराव्या अध्यायात कयफा मांडतो : राष्ट्र बुडण्यापेक्षा एकाने मरावे. योहान ते विधान खोटे ठरवीत नाही. उलट त्यात नकळत उच्चारलेले भविष्य पाहतो. कयफा बोलतो ते दुसऱ्याच्या प्राणाविषयी. त्याआधीच्याच अध्यायात प्रभू येशू स्वतःच्या प्राणाविषयी बोलतो. बेरीज दोन्हीकडे तीच आहे. पाय झटकणे कदाचित अटळ असेलही. पण ते योग्यच होते असे म्हणून निश्चिंतपणे पुढे चढू लागणे मला भयंकर वाटते.

स्कॉटचे धर्मज्ञान मला पटत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या देवाला झगडणारे हवेत, गुडघे टेकून रडणारे नकोत. आणि पाण्याखाली अडकलेल्या या झगडणाऱ्याला सोडवते कोण, तर स्थूल, वयस्क बेल रोझन. त्या श्रमाने ती प्राण सोडते. अखेरीस वाट अडवणारी वाफ बंद करण्यासाठी स्कॉट देवाशी भांडत व्हॉल्व्हच्या चाकाला लोंबकळतो, ते फिरवतो आणि हात सोडून देतो. नव्या चित्रपटातही एक बाप मुलीसाठी बुडून मरतो. ते दृश्य हेलावते, पण बापाचे मरण आपल्याला समजते. स्कॉट मरतो त्यांत वाटभर त्याच्याशी हुज्जत घालणारा पोलीस रोगोही आहे. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय येथे आठवावा.

प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसाव्या अध्यायाचे भाषांतर करताना एक गोष्ट जाणवते. बुडण्यापासून वाचणे आणि तारण होणे यांसाठी ग्रीक भाषेत क्रियापद एकच आहे; आपल्या मराठीतही ‘तारू’ आणि ‘तारण’ एकाच धातूचे. त्या तारवावरही हिशेब झालाच : कैदी पळू नयेत म्हणून त्यांना ठार मारावे, असा शिपायांचा बेत होता. शताधिपतीला पौलाला वाचवायचे होते, म्हणून त्याने तो मोडला. आणि पौलाबरोबर सर्वच्या सर्व २७६ जण, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, किनाऱ्याला लागले.

हे मी त्या तरुणाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “फळ्या कमी पडल्या असत्या तर?” येत्या शनिवारी आम्ही पुन्हा बसणार आहोत.