हजरी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरचं एक पोरगं माझ्या हळदीत भांगलायला आलं. आठवी झालेलं. "ऑनलाईन शाळा नाही का रे?" म्हटलं तर म्हणालं, "आण्णा, मोबाईल एकच हाय, अन् त्यो बाबाच्या खिशात असतोय."

कागदावर 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' होतं. गुरुजी दारोदार फिरले, पारावर पोरं बसवली, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांना बोल लावायचा नाही. पण हे पोरगं तेव्हा माझ्या सरीत होतं. मला वाटायचं, मी उपकारच करतोय. बापाचं काम बंद, घरात खाणारी पाच तोंडं. मी रोजची हजरी मांडायचो आणि शनिवारी पैसे द्यायचो. खरं सांगायचं तर मला माणूस मिळत नव्हता, आणि पोराला मी गड्यापेक्षा कमी द्यायचो.

२३ नोव्हेंबरला नववीचे वर्ग उघडायची परवानगी आली. पोरगं गेलं नाही. मीही "जा" म्हटलं नाही, लागणीचे दिवस होते. पुढच्या एप्रिलात नववीची पोरं परीक्षेविना वर ढकलली. त्यात हेही दहावीत गेलं, माझ्या उसात पाणी पाजता पाजता.

खेड्यातले पाचवीपासूनचे सगळे वर्ग भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. ही तारीख मला चटकन लागली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कर्मवीर अण्णांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. आदल्याच वर्षी मानमोडीची साथ येऊन गेली होती. घरटी माणसं गेली, असं आमची आज्जी सांगायची. तसल्या दिवसांत त्या माणसानं शाळेचा विचार केला. पुढं साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले.

अण्णांची पोरंही राबायचीच की, मग माझं काय चुकलं? असं मी मनाला बरेच दिवस समजावलं. पण तिथं पोरगं कमवायचं ते शिकण्यासाठी. माझ्याकडं ते नुसतं कमवत होतं, आणि त्याच्या न शिकण्यात माझा फायदा होता. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलो तो रयतच्याच शाळेत. एवढं मला तरी कळायला हवं होतं.

वर्ग उघडल्यावर गुरुजी त्याला बोलवायला आले होते. दोन वर्षांत सुटलेलं भरून काढू म्हणाले. पोरगं उसात लपलं. गुरुजींनी मला विचारलं, "आण्णा, इकडं आलंय का?" मी "नाही" म्हणालो.

ते "नाही" अजून घशात आहे.

आता पोरगं मिसरूड फुटलेलं, ट्रॅक्टर चालवतंय. अलीकडं मीच त्याला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. फी मी भरली, पण एवढ्यानं फिटत नाही. त्यानं फॉर्म सांगलीहून आणला, सही केली आणि खाली मान घालून विचारलं, "पेपराच्या दिवसांची हजरी मांडणार का, आण्णा?"

पेपर मार्चात, ऐन तोडणीत. "मांडतो," म्हणालो. घरात अजून सांगितलेलं नाही.